गोधडीवर बसलेले साहेब

मंडळी, वर्गात मुलांचं मन कसं जपलं जातं हे तपासायला आज परभणीहून एक साहेब आमच्या शाळेत आले. दारातूनच माझ्या पहिलीच्या पोरांवर खेकसले, "हा वर्ग आहे की बाजार?" झालं मन जपून!

आमच्या वर्गात एका कोपऱ्यात गोधडी अंथरलेली असते. राग आला, रडू आलं, की तिथं जाऊन बसायचं. इतरांनी काही विचारायचं नाही, फक्त पाण्याचा पेला ठेवून यायचं. जरा शांत वाटलं की मूल आपणहून पाटी घेऊन येतं.

साहेब म्हणाले, "हे असले लाड कशाला?" आणि वर पंखा दिसताच त्याच गोधडीवर ऐसपैस बसून मोबाइल बघू लागले.

पहिलीतली सारिका माझ्या कानाशी आली. "बाई, साहेबाला लय राग आलाय." तिनं गुपचूप पाणी नेऊन ठेवलं.

साहेबांना वाटलं, पाहुणचार! "संस्कार बरे आहेत," म्हणत उठले. फाटकापाशी जाऊन ड्रायव्हरवर ओरडले, गाडी उन्हात का लावली म्हणून.

सारिका खिडकीतून बघत होती. "बाई, साहेब लवकर उठले. राग गेलाच न्हाई त्यांचा."

आणि आमच्या वर्गाचा शेरा हा माणूस लिहिणार! तुमच्याकडं येतात का हो असे? आले तर पेला नको, कळशीच ठेवा.