आधी लांबचं

हरवलेली वस्तू भलत्याच ठिकाणी शोधण्यात माझ्या मेव्हण्याचा हात अख्ख्या परभणी जिल्ह्यात कुणी धरला नसता. राहायचा मानवतला, शिकवायचा इंजिनिअरिंग कॉलेजात. गावात कॉम्प्युटर कुणी पाहिलाही नव्हता तेव्हा हा चालत्या चित्रांवर प्रबंध लिहीत होता. "दाजी, दर वेळी सगळं चित्र कशाला साठवायचं? त्याचा एक तुकडा घ्यायचा, आधीच्या चित्रात तो कुठं होता ते हुडकायचं, अन् किती सरकला तेवढंच लिहायचं." हुडकायच्या रीती दोन. एकीत झाडून सगळ्या जागा तपासायच्या. चूक नाही, पण कॉम्प्युटर रडकुंडीला येतो. दुसरी झटपट: आधी लांबलांबच्या मोजक्या जागा, त्यांतली बरी जुळेल तिच्याभोवती पुन्हा, मग आणखी जवळ. प्रबंध दोन्हींच्या तुलनेचा, पण जीव जडला झटपटवर. मुली बघायलाही तो आधी औरंगाबादला गेला, मग सेलूला, आणि लग्न झालं शेजारच्या गल्लीत. झटपट रीतीला बरीच वर्षं लागली, असं माझी बायको म्हणायची.

"फसत न्हाई का ती?" मी एकदा विचारलं.

"फसते की. भलतंच जुळतं अन् तिथंच अडकून बसते. पण घाई असली की दुसरं करता काय?"

पुढे त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, विसर पडू लागला. एका सकाळी बापू नेहमीचा पांढरा पटका बांधून घरातून निघून गेले. मेव्हण्यानं आम्हाला स्टँडवर, स्टेशनवर, पाथरी रस्त्याला पिटाळलं. स्टँडवर कुणीतरी म्हणालं, पांढऱ्या पटक्याचे म्हातारबा देवगाव फाट्याच्या गाडीत बसले. "जुळलं!" मेव्हणा ओरडला. फाट्यावर हॉटेलात पाठमोरा पांढरा पटका दिसला. यानं धावत जाऊन मिठीच मारली. पटका वळला.

"मी न्हाई रे बाबा तुजा बापू," तो म्हातारा म्हणाला. "पर बस, च्या घे. लय दमलास."

आम्ही अंधार पडेपर्यंत फाटाच पालथा घालत राहिलो. बापू दुसऱ्या दिवशी सापडले, घरामागच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग गिरणीच्या आवारात, भिंतीला टेकलेले. जीव गेला होता. घरातून हाक मारली असती तरी ऐकू गेली असती.

प्रबंध तसाच राहिला. मला मेव्हण्याचं फार वाईट वाटतं, आणि चेष्टा करायची सवय असूनही या बाबतीत तोंड उघडत नाही. कॉलेजातून आला की तो अजून घरात शिरत नाही. आधी मागं जाऊन भिंतीकडेनं चक्कर मारतो. परवा वहिनींनी खिडकीतून विचारलं, "काय हुडकायलाव?"

"काही न्हाई," तो म्हणाला. "जवळचं बघायलो."