नळीसकट फोपसं

जुळे सोलापुरात मटणाचं दुकान चालवणाऱ्या मायाक्काला अर्धवट काम खपत नसे. फोपसं, म्हणजे फुप्फुस, द्यायचं तर नरडं कापून, धुऊन, तुकडे करून, वर हळद लावूनच. गिऱ्हाइकानं नको म्हटलं तरी. आज तर सून उत्कर्षाची कॉलेजातली नोकरी ठरायची होती. निवड समितीसमोर पाठ घ्यायचा, त्यासाठी बोकडाचं फोपसं हवं, एवढंच ती सकाळी घाईत सांगून गेली. मायाक्कानं त्यातल्या त्यात गुलाबी फोपसं निवडलं आणि जीव ओतून हळद चोळली.

न्यायला आलेल्या उत्कर्षानं पिशवी उघडली आणि मटकन स्टुलावर बसली. "आत्याबाई, हे काय हो? मी कालवण करायला चाललेय का?"

"मग? धुतलंय की चांगलं!"

"अहो, मला नरड्याची नळीच तर हवी होती! फुप्फुस फुगलं की ताण बसतो. तो ओळखणारे मज्जातंतूंचे शेंडे असतात. तेच मेंदूला कळवतात, पुरे, आता श्वास सोड. पण ते सगळीकडे सारखे नसतात. मोठ्या नळीत आणि तिच्या पहिल्या फांद्यांत दाट. नळीच्या कड्या मागं उघड्या असतात ना, तिथल्या मऊ स्नायूत तर जास्तच. बारीक फांद्यांत विरळ होत जातात."

"म्हंजी कामाचं तेवढंच मी कुत्र्याला टाकलं?"

"व्हय!" रागात सुनेच्या तोंडून सासूचीच बोली निघाली.

दुकानात आता एकच फोपसं उरलं होतं, नळीसकट टांगलेलं. आणि त्याच्याचसाठी रिटायर्ड जोतिराम मास्तर पिशवी पसरून उभे.

"मास्तर, ते मिळायचं न्हाय."

"अगं, सकाळीच सांगून ठेवलंय! पाहुणे यायलेत."

"पाहुण्यास्नी हळदीचं न्या. वर थोडा खिमा देती. माज्या सुनेची नोकरी हाय ही."

"मग आधी नाही का सांगायचं?" मास्तरांनी हळदीची पिशवी उचलली. खिमा मात्र विसरले नाहीत.

उत्कर्षा फोपसं आणि सायकलचा पंप घेऊन रिक्षात बसली. दुपारभर मायाक्का येईल त्या गिऱ्हाइकावर खेकसत राहिली.

चारच्या सुमारास फोन वाजला. "आत्याबाई, पंपानं मस्त फुगवलं! नळी उलटी धरून मागची बाजू दाखवली. घेतलं मला!"

मायाक्कानं ही बातमी साऱ्या गल्लीला एका दमात ओरडून सांगितली. समोरचा इस्त्रीवाला असा दचकला, की इस्त्री कुणाच्या तरी शर्टावर तशीच राहिली.