टाळ्या संपल्यावर बंद करू नये

नारळ घेताना आपण तो कानाशी धरून हलवून बघतो ना, तशी ते कॅसेट हलवून बघायचे. नारळात निदान पाणी तरी वाजतं, कॅसेटमध्ये काय वाजणार? पण तसं केल्याशिवाय कव्हरमधली चिठ्ठी लिहायला त्यांचं पेन चालत नसे. एकदा या कानाशी, एकदा त्या कानाशी, मग म्हणायचे, "सगळं सांगायचं न्हाय. आन् खोटं तर अजाबात न्हाय." आणि लिहायला बसायचे.

नव्वदच्या दशकात मी शिवाजी पेठेतल्या एका वाचनालयात काउंटरवर होते. पुस्तकांच्या जोडीला आमच्याकडे कॅसेटींचं एक कपाट होतं. व्याख्यानं, कीर्तनं आणि हातानं कामं करणाऱ्या माणसांचं बोलणं टेपवर उतरवायचं आणि सभासदांना घरी ऐकायला द्यायचं, ही आमच्या समितीची हौस. रेकॉर्डिंग करायचे ते हे कॅसेट हलवून बघणारे गृहस्थ. शेजारच्या बोळात त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. सारी पेठ त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही.

हौस मोठी असली तरी कोऱ्या कॅसेटी संस्थेला परवडत नसत. म्हणून समितीनं एक नियम केला होता. वर्षभरात ज्या कॅसेटला एकही ऐकणारा मिळाला नाही, ती बाजूला काढायची आणि तिच्यावर नवा कार्यक्रम भरायचा. नवा माणूस बोलू लागला की आधीचा पुसला जायचा. हे काम चाचांकडेच असे, आणि बटण दाबताना ते भिंतीकडे बघायचे. एकदा ते मला म्हणाले होते की माणूस बोलत असताना मधेच उठून जावं तसं वाटतं.

कव्हरमध्ये घालायच्या चिठ्ठ्या पूर्वी समितीतली मंडळी लिहीत. 'ऊस व पाणी : व्याख्यान.' झालं. ही चिठ्ठी वाचून कोण ती कॅसेट घरी नेणार? ऐकणारा मिळाला तर माणूस वाचतो, हे चाचांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी ते काम मागून घेतलं. उसाच्या कॅसेटवर त्यांनी लिहिलं : 'जास्त पाणी पाजून ऊस कसा घालवला, हे घालवणाराच सांगतो. सुरुवातीची दहा मिनिटं हारतुऱ्यांत गेली आहेत, ती पुढे ढकलावीत.' तालमीतल्या मालिशवाल्याच्या कॅसेटवर लिहिलं : 'पहिलवानाच्या कुठल्या हाडाला हात लावायचा नाही? उत्तर दुसऱ्या बाजूला.' दुसऱ्या बाजूसाठी तालमीतली पोरं नंबर लावून बसली. आणि एका कीर्तनावर तर, 'बुवांना सर्दी आहे, पण गोष्ट चांगली आहे.' बुवा तणतणत आले. चाचा शांतपणे म्हणाले की सर्दी लपवली असती तर लोकांनी आमच्या टेपला नावं ठेवली असती. बुवांनी दुकानातच शिंकून त्यांना पुरावा दिला.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दुसऱ्याची तोंडभरून ओळख करून देतात, आणि आपल्या घरच्यांचा विषय निघाला की यांच्या जिभेला गाठ बसते.

चाचींचं माहेर हुपरी, चांदीकामाचं गाव. लहानपणापासून त्या पैंजणांना घुंगरं जोडायचं काम करत आलेल्या. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या तरी हुपरीच्या एसटीनं डब्यातून काम यायचं आणि त्या घरी बसून करायच्या. समितीनं त्यांचंही रेकॉर्डिंग करायला सांगितलं. चाचांनी ते घरीच केलं. मी ते काउंटरवर बसून ऐकलं होतं, शेवटचा थोडा भाग तेवढा राहिला होता. रस्त्यानं पैंजण वाजलं की आपल्या हातचं आहे की दुसऱ्याच्या, हे पाठमोरं बसूनही कळतं, असं त्या सांगत होत्या. मधेच हसत होत्या. आमच्या कपाटात त्याच्या तोडीची दुसरी कॅसेट नव्हती, असं माझं आजही मत आहे.

त्या कॅसेटवर चाचांनी लिहिलं : 'घुंगरू जोडणी : माहिती.'

मी म्हटलं, चाचा, हे काय? त्यांनी मान खाली घातली. "बायकूचं काय लिवायचं? लोक म्हणतील, घरची हाय म्हणून वाजवतोय." मी खूप समजावलं. शेवटी चिठ्ठी मी लिहिते म्हटलं, तर तेही नको. वर्षभर ती कॅसेट कुणी नेली नाही. स्वतः त्यांनीही नेली नाही. घरात माणूस बोलतंय, त्याचा आवाज टेपवर कशाला ऐकायचा?

पुढच्या वर्षी चाची अचानक गेल्या. सकाळी काम करत बसल्या होत्या आणि दुपारी नव्हत्या. चाचांनी दुकान बंद ठेवलं. वाचनालयात ते यायचेच थांबले.

त्याच सुमाराला परिसरातल्या एका पुढाऱ्यांचा सत्कार झाला. रेकॉर्डिंगला चाचा नाहीत, म्हणून समितीतल्या एका उत्साही सदस्यानं मशीन चालवलं. नियमानं बाजूला काढलेल्या कॅसेटींच्या खोक्यातली त्यानं वरची एक उचलली. चिठ्ठी वाचली असणार, 'घुंगरू जोडणी : माहिती', आणि त्याला काही वाटलं नसणार. का वाटावं? त्या चिठ्ठीत वाटण्यासारखं काही नव्हतंच.

चाचींचा चाळीसावा दिवस झाला आणि एका दुपारी ते आले. दाढी वाढलेली. म्हणाले, "ती आमची कॅसेट जरा द्या. ऐकू वाटाय लागलंय." मी कपाट पाहिलं, खोकं पाहिलं आणि ती सापडली. पाठीवर तिचा जुना नंबर आणि पुढं नवं नाव होतं. काय झालं असेल ते मला कळलं आणि त्यांनाही. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, काउंटरवरच्या टेपमध्ये घातली आणि स्टुलावर बसून ते सगळं भाषण ऐकलं. पुढारी विकासाबद्दल बोलत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. मी उगीच पुस्तकं पुसत राहिले.

भाषण संपलं, टाळ्या वाजल्या, खट् असा आवाज आला. मी बंद करायला हात पुढं केला. त्यांनी माझा हात अडवला. नवं भाषण जुन्यापेक्षा थोडं आखूड असलं तर शेवटचा तुकडा तसाच राहतो, हे त्यांना धंद्यामुळं ठाऊक होतं. टेप जरा सरसरली आणि चाचींचा आवाज आला.

"बस्स की आता. चा टाकू व्हय?"

त्यांनी तिथंच बटण दाबलं. बराच वेळ बोट बटणावरच होतं. मग कॅसेट काढून कानाशी धरली आणि हलवली. त्या क्षणी मला रडू आवरलं नाही, आणि ते आवरावं असंही वाटलं नाही.

मी म्हटलं, घरी घेऊन जा, समितीला मी सांगते. ते म्हणाले, "लोकांच्या पुसल्या, आन् आपली तेवढी घरात ठिवायची व्हय?" त्यांनी कोरी चिठ्ठी मागितली आणि लिहिलं : 'सत्काराचं भाषण. शेवटपर्यंत ऐकावं. टाळ्या संपल्यावर बंद करू नये.'

यात काय खोटं होतं? काहीच नाही. सगळंही सांगितलं नव्हतं. पण चिठ्ठीनं काम केलं. पुढाऱ्यांचे पाहुणे ती घेऊन जाऊ लागले. खुद्द पुढारी येऊन गेले, लोक आपलं भाषण शेवटपर्यंत ऐकतात याचा त्यांना फार आनंद झाला होता. काही सभासद कुरकुरत परत करायचे, शेवटी नुसती एक बाई बोलती म्हणायचे. चाचा मान डोलवायचे. कुरकुरला म्हणजे ऐकलं, एवढं त्यांना पुरत होतं. वर्षाच्या शेवटी ती कॅसेट नियमानंच कपाटात राहिली. त्याच्या पुढच्या वर्षीही.

राजारामपुरीत शिवणक्लास चालवणाऱ्या एक बाई मशीनवर काम करता करता ऐकायला कॅसेटी नेत. एकदा परत करताना त्यांनी विचारलं की ती शेवटची बाई कोण, आणि तिचं बाकीचं बोलणं कुठल्या कॅसेटमध्ये आहे. चाचा तिथंच बसले होते.

"बाकीचं न्हाय," ते म्हणाले. "तेवढंच ऱ्हायलंय."

बाई म्हणाल्या की आवाज अगदी घरातल्यासारखा वाटला.  मग चाचांना इतक्या वर्षांत जे एकदाही लिहिता आलं नव्हतं, ते त्यांनी त्या अनोळखी बाईंना सांगून टाकलं. "घरचाच हाय. आमच्या मंडळींचा."

पुढं सीडी आल्या, मग मोबाइल आले. कॅसेटी नेणारं कुणी उरलं नाही. चाचा मात्र दुकान बंद केल्यावरही यायचे, कपाटाजवळच्या स्टुलावर बसायचे, एखादी कॅसेट हलवून परत ठेवायचे. एका हिवाळ्यात ते यायचे थांबले. मी दोन-चार दिवस स्टूल तिथंच राहू दिलं. मग बातमी आली.

कपाट रद्दीत निघालं तेव्हा मी ती एक कॅसेट मागून घेतली. जुना टेप माळ्यावर होता, तो दुरुस्त करून द्यायला आता कुणी नव्हतं. कसाबसा चालू झाला. आजवर मी चाचांनी बटण दाबलं होतं तिथपर्यंतच ऐकलं होतं. पुढं ऐकायचं धाडस झालं नव्हतं. या वेळी चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे केलं. भाषण झालं, टाळ्या झाल्या. चाचींनी चहाचं विचारलं. मी बंद केलं नाही.

भांड्याचा आवाज येतो. त्या उठत असाव्यात. आणि मग ते बोलतात. तरणा, हसरा आवाज. तसा तो मी कधी ऐकला नव्हता.

"थांब की. टेप हाय अजून."

त्या हसतात, परत बसतात, काहीतरी सांगायला तोंड उघडतात, आणि टेप संपते.