शिंपीमामांचं स्फिग्मोमॅनोमीटर

बुधवार, ९ जुलै. माळ्यावरच्या लोणच्याच्या बरण्या खाली काढल्या. वर्षभर त्या तिथे शिंपीमामांच्या हुकमाने बसल्या होत्या. म्हैसुरात राज्य कुणाचंही येवो, आमच्या गल्लीतल्या डाळीत मीठ किती पडायचं हे शिंपीमामाच ठरवतात.

मामांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, दुकान विठ्ठलाच्या देवळाला लागून. त्यांची मराठी निम्म्या वाटेत कन्नडमध्ये शिरते आणि कॉफी पिऊन परत येते. नोकरीपायी मी नाशिकहून इथे आले, पहिला ब्लाउज त्यांच्याकडे शिवायला टाकला आणि छातीच्या मापाबरोबर रक्तदाबाचंही माप देऊन आले. कारण शिलाई मशीनशेजारी पाऱ्याचं यंत्र! एका म्हाताऱ्या डॉक्टरांचे कोट मामा शिवायचे. दवाखाना बंद करताना डॉक्टरांनी ते यंत्र, वापरायची रीत आणि त्याचं नाव, तिन्ही मामांच्या हवाली केलं. मामांनी यंत्रापेक्षा नाव जास्त जपलं. आयुधपूजेला मशीनला एक हार, यंत्राला दोन.

"बीपी बघा" म्हटलं की ते पट्टा बांधत नसत. "बीपी तुमच्या अंगात असतं, अक्का. पेटीत आहे ते स्फिग्मोमॅनोमीटर. म्हणा." म्हणावंच लागे. शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर 'स्फिग्मो'पर्यंत पोचून धापा टाकत, तर मामा त्यांना "सुम्ने बसा, श्वास घ्या, मग परत" म्हणून बाकावर गप्प बसवत. नाव पूर्ण झालं की अर्थ. "स्फिग्मो म्हणजे नाडी. मीटर म्हणजे माप, ते आमच्याच धंद्यातलं. आणि मॅनो म्हणजे विरळ. कापड घट्ट विणीचं की विरळ, ते बोटांना कळतं. हवेला बोट कसं लावणार? म्हणून हे!" एवढं ऐकेपर्यंत धडधाकट माणसाचाही पारा चढावा.

गेल्या वर्षी तर एकजात सगळ्यांचा चढला. "उप्पु बेडा! मीठ बंद!" मामांनी गल्लीला बजावलं. पापड गेले, लोणची माळ्यावर गेली. गोळ्यांपर्यंत कुणी पोचलं नाही हे नशीब.

मग परवा ऑफिसात तपासणी झाली. माझा दाब अगदी ठीक. डॉक्टरीणबाईंना मी मामांच्या यंत्राची हकीकत सांगितली, आणि नव्या पट्ट्याचीही. गेल्या वर्षी जुना फाटला तेव्हा मामांनी घरीच दुसरा शिवला होता. ढगळ काम त्यांना सहन होत नाही. "हा काय गोणपाटासारखा रुंद!" असं जुन्याला म्हणत त्यांनी नवा पट्टा ब्लाउजच्या बाहीसारखा दोन्हीकडून आत घेतला आणि आतली रबरी पिशवी दुमडून बसवली. बाई खुर्चीतून पडायच्याच बाकी होत्या. "अहो, अरुंद पट्ट्याने दाब उगाच जास्त दिसतो. अख्खी गल्ली आजारी शिवली की त्यांनी!"

आता हे सांगायचं कसं? रेडिमेडच्या दिवसांत मामांकडे शिवायला येतं कोण? बाकावर माणसं बसतात ती दंड पुढे करायला. पण चूक ती चूक. बरण्या पुसून ठेवल्या आणि गेले.

"मामा, पट्टा फार अरुंद शिवलाय. म्हणून सगळ्यांचं जास्त येतंय."

"फिटिंग चुकलं? माझं?"

"फिटिंग झकास आहे. तेच नडलं."

बाकावरचे मॅनेजर उसळले, "म्हणजे मी वर्षभर अळणी सांबार उगाच गिळलं?"

मामांनी कुणाकडेच पाहिलं नाही. पेटी मिटली, वर कापड टाकलं. "बीपी बघायचं तर मेडिकलमध्ये जा, अक्का," म्हणाले. त्यांच्या तोंडून 'बीपी बघायचं' मी पहिल्यांदाच ऐकलं. मला ते मुळीच आवडलं नाही.

गुरुवार, १० जुलै. सकाळी ऑफिसच्या आधी दुकानात गेले. बाक रिकामा होता. मी बसले, बाही वर केली आणि न अडखळता म्हणाले, "मामा, स्फिग्मोमॅनोमीटर लावा."

"पट्टा नाही."

"मग शिवा. शिंपी कोण, मी?"

मामांनी पेटीवरचं कापड बाजूला केलं. मग गळ्यातली टेप काढून त्यांनी माझ्या दंडाला लावली, पेटी उघडली आणि पट्ट्याची शिवण उसवायला घेतली.

"या वेळी स्वल्प ढगळ ठेवतो," ते म्हणाले.

ऑफिसची बस दारावरून गेली. मी दंड पुढे करून बसून राहिले.