आत्याचं गिऱ्हाईक

आमच्या घरी पाहुणे आले की एक किस्सा हमखास निघतो. आत्याचे शेअर विकायचे कसे राहून गेले, त्याचा. आत्या स्वतःच तो सांगते, नकला करून. चष्मा शोधायची नक्कल, आकडे चुकायची नक्कल. सगळे हसतात. मीही हसते. त्या किश्शातली एक गोष्ट मात्र आत्याला माहीत नाही, आई-पप्पांना नाही, कुणालाच नाही. ती आजपर्यंत माझ्या तोंडून निघालेली नाही. आता लिहायला बसले आहे तर कुठून सुरू करावं तेच कळत नाही.

आत्यापासूनच करते.

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. चाकूरच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, नोकरीची जवळपास सगळी वर्षं तिथंच गेली. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर नांदेडला आमच्याकडे आली आणि बाहेरच्या खोलीत, दिवाणावर राहायला लागली. त्या खोलीला आतून कडी नाही, घरातल्या सगळ्यांची ये-जा तिथूनच. आत्या साडी बदलायला बाथरूममध्ये जाते. कधी तक्रार केली नाही. एकदाच मला हळूच म्हणाली, "चाकूरला दोन खोल्या निघाल्यात विकायला. दवाखान्याच्या मागंच. नळ आपला, कडी आपली."

कडी आपली. हे ती कसं म्हणाली ते मला लिहिता येत नाही.

आता माझ्याबद्दल. मी फारशी बोलत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, घर मराठी. दोन्हीकडे कामापुरतंच बोलायची सवय लागली, ती राहिली. लातूरच्या एका क्लासमध्ये मी प्रश्नपत्रिकांची उत्तरं इंग्रजीतून लिहून देते, आठवडाभर तिथंच राहते. तिथंच शेअरचा नाद लागला. एक छोटीशी कंपनी होती, जुन्या बॅटऱ्यांमधून महागडा धातू काढणार होती. 'काढणार होती' — हे लक्षात ठेवा, कारण तिने तो कधीच काढला नाही. पण मी त्यांचे कागद वाचले होते, आणि एका रविवारी आत्याला सगळं समजावून सांगितलं. ती शेंगा सोलायची थांबली. पूर्ण वेळ माझ्याकडे बघत ऐकत होती. माझं बोलणं इतका वेळ कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही.

"तू जेवढे घेशील तेवढेच मला घे," ती म्हणाली. "तुझं इंग्लिश हाय, माझा भरोसा हाय."

म्हणून दोघींचे शेअर अगदी सारखे. तिचं खातंही माझ्याच मोबाइलवर.

पुढची दोन वर्षं काय झालं? काहीच नाही. हे ज्यांनी भोगलं नाही त्यांना समजावणं अवघड आहे. शेअर पडला तर माणूस रडतो तरी. आमचा पडत नव्हता, चढत नव्हता. चार पैसे इकडे, दोन पैसे तिकडे. मी दात घासताना बघायची, जेवताना बघायची, क्लासच्या जिन्यात बघायची. दर तीन महिन्यांनी कंपनीची नोटीस यायची — बोलणी शेवटच्या टप्प्यात आहेत. मी ती आत्याला मराठीत सांगायची. ज्या ग्रुपवरून मला ही कंपनी कळली, तिथं कुणी वैतागलं की बाकीचे त्याला भित्रा म्हणायचे. धीर धरा, म्हणायचे. कशाचा धीर? आत्या मात्र हसायची. "ही कंपनी हाय का सोयरीक जमवणारा बुवा? दर बारीला पुढच्या महिन्यात! माझं लगीन बी असंच पुढच्या महिन्यात होतं."

शेवटी दोघींनी ठरवलं, विकून मोकळं व्हायचं. तेव्हा कळलं की इतक्या बारक्या कंपनीत विकायचं म्हटलं की विकलं जात नाही. त्या दिवशी, त्या घटकेला कुणाला तरी घ्यायचं असावं लागतं. आणि घेणाऱ्यांच्या रकान्यात बहुतेक दिवशी शून्य. आत्या घेणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणायची. रोज संध्याकाळी फोन: "जयभीम माय. जेवलीस का? आलं का गिऱ्हाईक?" "नाही, आत्या." "येईल, येईल. दुकान उघडं ठेव."

चाकूरच्या त्या खोल्यांचा मालक म्हणजे दवाखान्यातलाच जुना कंपाउंडर. सिस्टरबाईंसाठी महिना संपेपर्यंत थांबतो, म्हणाला होता. म्हणून आमचं ठरलं होतं, गिऱ्हाईक आलं की आधी आत्याचे शेअर. हे तिने मागितलं नव्हतं. मीच म्हणाले होते. मीच!

आता इथपर्यंत आले आहे तर सांगते.

त्या दिवशी दुपारी मी क्लासच्या ऑफिसात डबा उघडून बसले होते. मोबाइल बघितला. रकान्यात शून्य नव्हतं. कुणीतरी मागणी टाकली होती, आमच्या दोघींपैकी एकीचे जातील एवढीच. विकायचं तर ज्याचं खातं त्याच्या फोनवर ओटीपी येतो. आत्याला फोन लावायचा, आकडे विचारायचे, टाकायचे. दोन-तीन मिनिटांचं काम.

मी माझे विकले.

घाबरून झालं असं म्हणू का? तसं नव्हतं. ओटीपी माझ्या फोनवर आला, मी टाकला, झालं. पैशांची नड होती का? नव्हती. पगार पुरतो मला. फक्त तो आकडा उद्यापासून बघावा लागणार नाही, एवढंच डोक्यात होतं. चाकूरच्या खोल्या आठवल्या नाहीत असंही नाही. आठवल्या. तरीही.

रकान्यात परत शून्य आलं.

इथं मी थांबले असते, संध्याकाळी "नाही आलं, आत्या" एवढं म्हणाले असते, तरी ते पाप मी कदाचित गिळून टाकलं असतं. पण मी त्यानंतर आत्याला फोन लावला. का? उद्या कुणी त्या दिवसाचे व्यवहार बघितले, गिऱ्हाईक येऊन गेल्याचं कळलं, तर मी आत्यासाठी प्रयत्न केला होता असं दिसावं म्हणून. इतकी मी हुशार. फोनवर म्हणाले, "आत्या, गिऱ्हाईक आलंय! ओटीपी येईल, पटकन सांग."

"आलं? आलं का? थांब माय, थांब, चष्मा कुठं ठिवला मी..." भांडं पडल्याचा आवाज आला. मग ती एक-एक आकडा वाचायला लागली. "चार... सात... न्हाई न्हाई, एक हाय का सात हाय हे?"

"लवकर, आत्या. लवकर!"

हे मी म्हणाले. शून्याकडे बघत म्हणाले.

तिने परत पहिल्यापासून वाचले. मी टाकले. अर्थातच काही झालं नाही. मग मी म्हणाले, "गेलं." पलीकडून अगदी लहान आवाजात, "माझ्यामुळं गेलं का गं?"

मी काय म्हणाले असेन? 'नाही' म्हणता आलं असतं. नुसतं 'नाही'. खरं सांगायचीसुद्धा गरज नव्हती. मी म्हणाले, "असू दे, आत्या."

मी तिला माफ केलं.

पुढचं फार नाही. महिना संपला, कंपाउंडरने खोल्या दुसऱ्याला दिल्या. काही महिन्यांनी त्या कंपनीचे व्यवहारच बंद झाले. आता गिऱ्हाईक यायचंच नाही. माझेही अडकले असं घरी सगळे धरून चालले, मीही चालू दिलं. व्यवहार बंद झाल्यानंतरच्या रविवारी नांदेडला गेले तर आत्याने ताटात जास्तीची भाकरी वाढली आणि म्हणाली, "माझ्या नादात तुझे बी राहिले ना गं माय. मला फोन करत बसलीस. न्हाई तर तुझे तरी गेले असते." मी भाकरी खाल्ली.

ते पैसे माझ्या खात्यात तसेच आहेत. एक रुपया खर्च केलेला नाही, आणि यात काही मोठेपणा नाही. ते आत्याला देता आले असते. बोनस मिळाला असं सांगूनही देता आले असते. खोटं मला येतं, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. दिले नाहीत. लातूर-नांदेड बस चाकूरच्या स्टँडवर थांबते तेव्हा मी मोबाइलमध्ये बघत बसते.

आत्याने चष्म्याला दोरी लावून घेतली आहे. तो आता कायम गळ्यात असतो, झोपतानाही दिवाणाच्या कडेला हाताशी. फोन वाजला की ती आधी चष्मा चढवते, मग उचलते. मागच्या रविवारी गॅस सिलिंडरवाला आला. त्याने कोड विचारायच्या आत आत्या दारात उभी होती, आणि तिने सगळे आकडे एका दमात म्हणून टाकले, एकही न अडखळता. तो पोरगा "वा मावशी" म्हणून हसला. आत्या माझ्याकडे वळली. चेहरा असा उजळलेला.

"बघितलंस? आता आलं असतं तर गेलं नसतं ना गं गिऱ्हाईक?"

मी म्हणाले, "हाव, आत्या."