आग्नेय कोपरा

हॉलच्या आग्नेय कोपऱ्यातली ओल रंग दिला तरी पुन्हा उमटायची आणि दर पावसाळ्यात थोडी वर चढायची. माझी बायको सुमन फडकं पिळताना म्हणायची, "हे घर एक दिवस आपल्याला पोटात घेणार." मग स्वतःच जीभ चावायची, कारण घरात अभद्र बोललं की वास्तू तथास्तु म्हणते.

यंदा ओलीचं मूळ शोधायला गवंड्याने तो कोपरा पायापर्यंत उकरला. वास्तुशांतीला आम्ही पुरलेली वास्तुपुरुषाची प्रतिमा मातीत सापडली. रीतीप्रमाणे ती पालथी पुरली होती. आता ती उताणी होती, थेट आमच्याकडे बघत.

"काळी माती आहे साहेब, पावसात फुगते, उन्हात आकसते. हलवते सगळं," गवंडी म्हणाला. पटण्यासारखंच होतं. तरी मनात येत राहिलं, की आपण वर संसार मांडून वाट्टेल ते बोलत होतो आणि खाली कुणीतरी नीट ऐकू यावं म्हणून हळूहळू कूस बदलत होतं.

सुमनने प्रतिमा पुसून पुन्हा पालथी ठेवली. खड्ड्यात वाकून ती हलकेच म्हणाली, "मी बोलले ते मनावर घेऊ नका."

उत्तराची वाट न बघता आम्ही माती लोटली.