खळ ओळखणारी बोटं

भरमूअण्णांना कुणी नुसता शिपाई म्हटलं की माझं डोकं फिरतं. शहापूरच्या गल्लीत तीस वर्षं साड्या विणलेला माणूस! माग बंद पडला आणि ते बेळगावातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लागले. मी तिथली भट्टी सांभाळतो, त्यामुळे हे डोळ्यांदेखत घडलं.

निपाणीची त्रिशला आमच्याकडे पीएचडी करते. केसाहून बारीक कार्बनच्या धाग्यांवर निकेलचा मुलामा चढवायचा आणि त्यांच्यात वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम ओतून पट्टी बनवायची. मुलामा नसेल तर धातू धाग्याला धरत नाही, वर त्याला खातो. मुलामा नीट बसला तर पट्टी नुसत्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त ताण सोसते. पुस्तकात सोसत होती. आमच्या ताण मोजायच्या यंत्रावर मात्र अकरा पट्ट्या लवकर तुटल्या, अन् तुटल्या जागी मुलामा सोलून निघालेले धागे बाहेर लोंबत होते. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "सोमवारी बारावी तुटली, तर विषय बदल." म्हणजे पोरीची दोन वर्षं पाण्यात.

शुक्रवारी केर काढताना अण्णांना टेबलाखाली कोऱ्या धाग्याचा तुकडा सापडला. सवयीनं त्यांनी तो चिमटीत चोळला.

"अण्णा, उघड्या हातानं धागा धरायचा न्हाय, कितींदा सांगू?" त्रिशला कडाडली.

"ह्याला आधीच खळ हाय की गं आक्का."

खळ म्हणजे मागावर सूत तुटू नये म्हणून त्याला लावतात ती पेज. त्रिशला म्हणाली, "हे सूत न्हवं, कार्बन हाय."

"असंल. पण खळीवर रंग चढवला तर पयल्या धुण्यात जातोय. आधी खळ काढायची, मग रंग."

त्रिशलानं तो तुकडा त्यांच्या चिमटीतून काढून घेतला. धागे विस्कटू नयेत म्हणून कारखान्यातच त्यांना डिंकासारखा पातळ लेप देतात, हे तिला ठाऊक होतं. पण विकणाऱ्यानं "लेप नाही" असं लिहून दिलेलं, आणि शिकलेली माणसं कागदावर विश्वास ठेवतात! तिचं निकेल धाग्यावर नव्हे, त्या लेपावर बसत होतं.

तिनं मला भट्टी चारशे अंशांवर लावायला सांगितली. लेप जळाला, धागा शाबूत राहिला. त्यावर नवा मुलामा चढला.

सोमवारी बारावी पट्टी यंत्रात ताणली. आधीच्या अकरा जिथं तुटल्या तो आकडा मागं पडला, नुसत्या अ‍ॅल्युमिनियमचाही पडला. सर खुर्चीतून उठून यंत्राजवळ आले. शेवटी पट्टी तुटली तेव्हा धागेही धातूसोबतच तुटले होते, एकही सुटून आला नव्हता. मला तर नाचावंसं वाटलं.

दुपारी धाग्याचं नवं रीळ आलं. सोबतचा कागद त्रिशलानं न वाचताच बाजूला ठेवला आणि धाग्याचं टोक अण्णांपुढं धरलं.

"अण्णा, आधी तुम्ही हात लावून बघा."